राग आला की तांदूळ निवड

माय, तुझा एक उपाय मी सुनेला दिला आणि आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. निम्मा दोष तुझा आहे, म्हणून लिहायला बसले.

लग्नानंतर मी फुगून माहेरी, परसवाड्याला आले की तू माझ्यापुढे सूप सरकवायचीस. "राग आला ना? मंग तांदूळ निवडायले बस. खडा दिसला का फेक, तोंडातून काही फेकू नको." दोन पायल्या झाल्या की राग कोणावर होता तेच आठवायचं नाही. तुझे महिन्याचे तांदूळ मात्र निवडून व्हायचे. हे मला फार उशिरा कळलं.

सून आपल्याच माणसांतली, पण वाढली जबलपूरला. बोलते सगळं हिंदी. लग्नाला तीन महिने झाले आणि मुलगा नागपूरला कामावर. त्याचा फोन चुकला की ती भांडी आपटते. एक दिवस पातेल्याला पोचा आला, तेव्हा तिला जवळ घेऊन मी माझ्या हिंदीत सांगितलं, "राग आये तो चावल चुनने बैठना, बेटा. मन हल्का होता है."

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन बसली आणि गायला लागली. माय, काय तो आवाज! शेजारीण धावत आली, "काहून वं, कोनाले काही झालं काय?" मला वाटलं, पोरगी माझी टिंगल करते आहे. मी बोलणं टाकलं. मी जितकी गप्प, तितकी ती वरच्या पट्टीत. आठव्या दिवशी तिनं बॅग भरली.

"आपने ही कहा था गाने को. गाती हूँ तो मुँह फेर लेती हो. मैं मायके जा रही हूँ."

"मी कवा म्हटलं गा म्हणून?"

"राग आये तो... नहीं कहा था?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गुस्सा हा शब्द मला येत नव्हता असं नाही, पण ऐन वेळी तोंडात आपलाच आला. मी सांगितलं, तशी ती बॅगेवरच बसली आणि पोट धरून हसली. मीही हसले. मग विचारलं, "पर हल्का लगा क्या?"

"गुस्सा तो गया, मम्मीजी. गला भी गया."

बसची वेळ निघून गेली. चहा पिताना तिनं विचारलं, "आपको गुस्सा नहीं आता?" मी नाही म्हटलं.

खोटं बोलले, माय. तुझे जावई सकाळी चहा मागून, तो उतू जायच्या आत गेले. सहा वर्षं झाली. मागितलेला चहा तरी पिऊन जायचं होतं. आता मिलचे तांदूळ इतके साफ येतात की सुपात खडा सापडत नाही, तरी मी रोज निवडते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं. सून स्वयंपाकघरात आहे. तिला अजून सांगवलं नाही.