ईराचा उंचीभर फोटो

३ नोव्हेंबर
वर्ध्याजवळ नालवाडीत घर मिळालं एकदाचं! मागच्या खोलीत चक्क डार्करूम आहे, घरमालकीण सुलोचनाबाईंच्या दिवंगत नवऱ्याची. मधूला तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या होत्या. बायकोचा तेवढा बेत मी हाणून पाडला. सुलोचनाबाई पाय ओढत चालतात. उजव्या पायाला पंजाच नाही. साखरेच्या आजाराने गेला असेल, असं मधू म्हणाली.

९ नोव्हेंबर
लेक ईरा सहा वर्षांची झाली. तिच्याच उंचीचा फोटो करणार. एवढा कागद फोटो धुवायच्या ट्रेमध्ये मावत नाही, म्हणून प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून रसायनांसाठी पन्हळी केल्या. सुलोचनाबाई दारातून म्हणाल्या, "माणसाच्या मापाचा नको करजो, भाऊ. बोटभर तरी लहान ठेव." मी हसलो. दाराच्या चौकटीवर ईराची उंची आखली आणि नेमकी तेवढीच धरली.

१२ नोव्हेंबर
लाल दिव्यात आधी डोळे उमटले, मग हसू, मग फ्रॉक. हायपोत बुडवल्याशिवाय चित्र पक्कं होत नाही, उजेडाने काळवंडतं. आणि हायपोच कमी पडला. पायाकडच्या भागाला तो लागलाच नाही. म्हटलं, पायांकडे कोण बघतंय. ईरा फोटोला पाठ लावून उभी राहिली. तंतोतंत. फार अभिमान वाटला.

१६ नोव्हेंबर
फोटोतली पायाची बोटं काळी पडली. ईराचीही. मधू म्हणते थंडीने. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं.

१८ नोव्हेंबर
काळं घोट्यापर्यंत चढलं. कागदावरही, तिच्यावरही. फोटो काळ्या कापडात गुंडाळला, तरी थांबत नाही. वर्ध्यात हायपो कुठेच नाही, मागवलेलं पार्सल वाटेत अडकलंय. सुलोचनाबाईंनी साडी वर करून पाय दाखवला. नवऱ्याने त्यांचाही मापाचा फोटो केला होता. "काळं वर चढाच्या आधी यायनं कापला," म्हणाल्या. पाय नव्हे. फोटो.

१९ नोव्हेंबर
कापला. घोट्याच्या वर, खात्रीसाठी बोटभर जास्तच. ईरा आत झोपली होती. तिची किंकाळी— मधू माझ्याकडे बघत नाही. मी कात्री धुतली. का धुतली—

२० नोव्हेंबर
नव्या कडेला पुन्हा काळं. हायपो कुठवर पोचला होता? आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं—

मधू दार ठोकतेय. पलीकडच्या खोलीतून ईरा, बाबा नको, बाबा नको—

कात्री गुडघ्यापाशी धरलीय. पण तिथेही कच्चं असेल तर? एकदाच दुखू दे. थोडं वर घेऊ. अजून थोडं—