बर्फावरचा झाडू

प्रिय बेबी,

पाकीट बघून तू दचकली असशील. रोज संध्याकाळी फोनवर बोलणारी वहिनी मध्येच पत्र कशाला लिहिते? घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. लेक-जावई मजेत, माझा गुडघाही बरा. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. दवाखान्याच्या औषधखिडकीत तीस वर्षं काढली, तिथे गोळ्या मोजायच्या आणि ‘जेवणानंतर’ एवढंच म्हणायचं. तुझा दादा चिडवायचा, घरीसुद्धा ही जेवणानंतरच बोलते.

तर बातमी अशी, की रविवारी मी एक सामना बघून आले. हसू नकोस. लेकीच्या शेजारी एक निवृत्त टपालवाली राहते. चाळीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली, त्यामुळे पासष्टीतही पोटऱ्या लोखंडाच्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, पण जिन्यात भेटली की ती भरभरून बोलते, मी मान हलवते, आणि दोघींचं छान पटतं. तिनेच लेकीला सांगितलं, आईला घेऊन ये, रविवारी माझा सामना आहे. मला वाटलं, या वयात सामना म्हणजे पत्त्यांचाच असणार.

गोदामासारखी मोठी शेड होती आणि आत जमिनीऐवजी बर्फ. मी दोन जोड मोजे आणि वरून तुझ्या दादाचा तो चॉकलेटी स्वेटर घालून बाकावर बसले. समोर बर्फावर रंगीत वर्तुळं काढलेली. एक माणूस गुडघ्यावर घसरत यायचा आणि एक गोल, जाडजूड दगड हळूच सोडून द्यायचा. जात्याच्या तळीला किटलीचा दांडा बसवला तर कसं दिसेल, तसा दगड. आणि त्या दगडापुढे दोघं जण खाली वाकून जीव खाऊन झाडू मारत धावायचे. आपली टपालवाली त्यातच. मी शांतपणे बसून राहिले. वीस एक मिनिटं झाल्यावर लेकीला हळूच विचारलं, अगं, यांची झाडलोट कधी संपायची? खेळ कधी सुरू होणार? ती इतकी हसली की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. म्हणाली, आई, हाच तो खेळ!

मग तिने समजावलं. दगड वर्तुळाच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. एकदा सोडला की त्याला कुणाचा हात किंवा झाडूही लागता कामा नये, लागला तर तो दगड बाद. पुढचा बर्फ घासला की दगड जास्त लांब आणि सरळ जातो, म्हणून ती झाडूवाली मंडळी. दगड सोडणारा मागून ओरडत असतो, मारा, मारा, थांबा, मारा! एक दगड अगदी मधोमध येऊन थांबला, तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तोही झाडणाऱ्यांसाठी. मी लेकीला म्हटलं, मी चाळीस वर्षं केर काढला, एकाने तरी टाळी वाजवली का गं? तिने तिथेच उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि काही न कळताही पुढच्या बाकावरच्यांनी तिला साथ दिली. बेबी, मी हसले. पोटात दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच. त्या स्वेटरच्या बाहीनेच डोळे पुसले.

तुझा दादा हवा होता. कॅरम खेळताना कोपराने सोंगटी सरकवायची आणि वर गळ्याची शपथ घ्यायची, हा त्याचा खाक्या. तू ओरडायचीस, वहिनी, बघ, दादाने परत ढापलं! आणि तो म्हणायचा, वारा आला. बंद खोलीत वारा! इथे त्याला दुसऱ्या मिनिटाला बाहेर काढला असता. म्हणजे, बाहेर काढायलाही कुणी नसतं, कारण या खेळात पंच नव्हता. मी सगळीकडे शोधला.

शेवटचा दगड राहिला होता. दोन्ही बाजू बरोबरीत, पण मध्याजवळ समोरच्यांचा दगड. टपालवाली आणि तिची जोडीदारीण लाल चेहऱ्याने घासत सुटल्या, दगड वर्तुळाच्या दिशेने सुरेख निघाला, लोक उठून उभे राहिले. मीही उठले, गुडघा विसरून. आणि मधेच टपालवाली थांबली. सरळ उभी राहिली आणि तिने हात वर केला. तिचा झाडू दगडाला लागला होता. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. समोरच्या संघाच्याही नाही, जोडीदारणीच्याही नाही. तिने स्वतःच्या पायाने तो दगड अडवला, बाजूला सारला, आणि सामना हरली.

मला वाटलं, आता तिच्या संघातले तिला फाडून खाणार. तसं काहीच झालं नाही. सगळ्यांनी हात मिळवले. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना कॉफी पाजायची अशी तिथली रीत आहे म्हणे, म्हणून आम्ही सगळे एका लांब टेबलाशी बसलो. मी लेकीकरवी तिला विचारलं, कुणीच पाहिलं नव्हतं, मग सांगितलंत कशाला? ती कपात साखर ढवळत म्हणाली, मी पाहिलं होतं की. एवढंच. आणि लगेच माझा हात धरून मला बर्फाच्या कडेला नेलं, पायांना रबरी तळवे बांधले आणि हातात झाडू दिला. दोन जणींनी मला दंडाला धरलं होतं, तरी मी चांगली दहा पावलं बर्फ झाडला. पुन्हा टाळ्या! लेकीने फोटो काढलाय. तू म्हणशील, ही वहिनी नव्हेच.

आता मुद्द्याचं लिहिते. तुझा दादा दवाखान्यात होता, त्या गुरुवारी सकाळी त्याने मला सांगितलं होतं, बेबीला कळव. फोन माझ्या हातात होता. डॉक्टर म्हणत होते, रविवारी घरी सोडू. मला वाटलं, तू येशील, डॉक्टरांना फैलावर घेशील, त्याच्या उशाशी बसशील, आणि मी पुन्हा डबे आणि चहा बघत बसेन. आम्ही दोघं एका कपात चहा पीत होतो, बेबी. मला ते दोन दिवस एकटीला हवे होते. शनिवारी सकाळी तो गेला. तू आल्यावर विचारलंस, वहिनी, आधी का नाही गं कळवलं? माझ्या तोंडून निघून गेलं, फोन लागत नव्हता. तू हातातल्या फोनकडे बघून म्हणालीस, हा मेला तसलाच आहे. मग तू नवा फोन घेतलास. तुझी सून सांगते, सासूबाई आता तो आंघोळीलाही आत नेतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. तुझा फोन चांगला होता. मी लावलाच नव्हता. हे फोनवर सांगितलं असतं, तर तू लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस. तसं लगेच म्हणू नकोस. हवं तितके दिवस रागाव. मी वीस तारखेला परत येते आहे. आलीस तर कॉफी मी करीन, आणि बर्फावरचा फोटो दाखवीन. हे पाकीट टपालवालीने स्वतः तोलून पेटीत टाकलं आहे, तेव्हा ते पोचेलच. आणि आजपासून आंघोळीला जाताना फोन बाहेर ठेवत जा.

हात वर करून उभी असलेली,
तुझीच,
वहिनी