दहा नंबरच्या खोलीतली वळकटी

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार. सकाळी ७ वा. १० मि.

तळमजल्याच्या टेकूंवर खडूने खुणा करीत होतो. मालकांचे मेहताजी आले. म्हणाले, "वासुदेव, लाकडावर चित्रं काढायला पगार नाही." मी सांगितले, टेकू सरकला तर खुणेवरून लगेच कळेल. 

जाताना तेच पुन्हा बजावले. चाळ म्युनिसिपालिटीने धोक्याची ठरवून रिकामी केली आहे. वर कोणाला सोडायचे नाही. दारे, खिडक्या, जिन्याचा कठडा, सगळे सागवान आहे. कोणी दिसला तर सरळ पोलिसात. मी याच चाळीत वाढलो, कुठली फळी सैल आहे ते मला ठाऊक, म्हणून तर मला रखवालीला ठेवला. दिवसा मी, रात्री किसन कांबळे.

हे काम मी का धरले ते मेहताजींना सांगितलेले नाही. माझा थोरला भाऊ, दादा, जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेला तो आलाच नाही. इस्पितळात नाही, तुरुंगाच्या यादीत नाही. पावसाळ्यात आम्हाला खोली सोडून माझगावला मामांकडे जावे लागले. ते दादाला ठाऊक नाही. तो आला तर इथेच येईल. आई उंबऱ्यावरून उठत नव्हती. मी फाटकावर राहीन असे कबूल केले तेव्हा उठली.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

दोन फेऱ्या. सर्व कुलपे जागेवर. प्रत्येकाने खोलीत एक तरी वस्तू ठेवली आहे, म्हणजे हक्क राहतो असे सगळे समजतात. आमच्या खो. नऊमध्ये आईच्या खानावळीचे मोठे पातेले. शेजारची खो. दहा आमच्या गावाची. गावचे गिरणीवाले पाळीपाळीने तिथे झोपत. आमच्याकडे चूल आणि जेवणारेच मावत नसत, म्हणून दादाही तिथेच झोपे. आता तिथे एक जुनी वळकटी पडून आहे, बाकी काही नाही.

किसनला विचारले, रात्री वर जातोस का? म्हणाला, "वासू, चाळ टेकूवर उभी आहे आणि मी नुकताच नागपूरहून दीक्षा घेऊन आलोय. इतक्यात निर्वाण नको."

१५ नोव्हेंबर, गुरुवार

 स्वच्छ लिहिण्याचा प्रयत्न करतो.

खो. दहाच्या खिडकीतून आत पाहिले. वळकटी कोपऱ्यात उभी आहे. परवा आडवी होती.

त्या खोलीची रीतच अशी. वळकटी आडवी, म्हणजे जागा मोकळी, कोणीही पसरा. उभी, म्हणजे मी परत येणार आहे, माझी जागा कोणाला देऊ नका. रात्रपाळीची माणसे अशी उभी करून जात. दादा कायम रात्रपाळीला.

कुलूप लावलेलेच. पण किल्ली चौकटीच्या फटीत असते हे गावच्या माणसाशिवाय कोणाला माहीत नाही. मागचा संडासाकडचा जिना उघडाच आहे.

आईला आज सांगायला नको होते. दोन दिवस थांबून, खात्री करून मग... पण तोंडातून गेले.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने पहाटे उठून बांगड्याची आमटी आणि भाकरी केली. मामी म्हणाली, "वन्सं, पाव्हणो येतलो काय?" आई नुसती हसली. कित्येक महिन्यांनी.

डबा खो. दहात ठेवला. मेहताजींचा हुकूम मोडला.

१७ नोव्हेंबर, शनिवार

डबा रिकामा. धुऊन पालथा घातलेला.

आईला दिला तर तिने तो आतून-बाहेरून पाहिला. मी म्हटले, आई, दादाने जन्मात कधी ताट धुतले नाही. ती म्हणाली, "धा महिने परक्याच्या दारात काढल्यान. शिकलो आसतलो."

मग तो माझ्यासमोर का येत नाही? "तेच्यावर वॉरंट आसतला. आणि तू डोक्यार खाकी टोपी घालून फिरतस. काढ ती."

टोपी काढली. मेहताजींनी विचारले तर ऊन लागत नाही म्हणालो. ऊन होते.

१९ नोव्हेंबर, सोमवार

डबा रोज रिकामा. आज आईने दादाची लोकरीची बंडी पाठवली. घडीच्या आत कापूर घातला होता.

मेहताजी म्हणाले, येत्या तीन तारखेपासून पाडकाम. आधी जिने काढणार.

मी म्हटले, दुरुस्तीचे बोलणे होते ना? "अरे, दुरुस्त करायला काही शिल्लक पाहिजे की नको?"

म्हणजे तीन तारखेच्या आत मला दादाला गाठले पाहिजे. पुढे तो येणार कुठे?

२१ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे साडेपाचला मागच्या जिन्याने गेलो. दार नुसते लोटलेले होते. आत अंगावर बंडी घालून एक माणूस पाठमोरा बसून वळकटी बांधत होता. मी "दादा" म्हटले. मोठ्याने म्हटले असावे.

तातूकाका. गावचेच. तीस वर्षे गिरणीत काढली, तीही याच खोलीत. आता काळाचौकीला मुलीकडे असतात, असे ऐकून होतो.

"ओरडा नको, वासू. थयसर झोप लागत नाय रे माका. जावई कायेक बोलत नाय, पण रात्री माझ्यासाठी पोरांका भायर पडवीत निजाक घालतत. म्हणान रातपाळीच्या कामाक जातंय सांगून हयसर येतंय."

मी विचारले, डबा?

"तुझ्या आवशीची आमटी. वास येताच वळाखलंय. माका वाटला, मी हय आसंय ता तुका कळला, आणि माझी लाज राखूक तू कायेक बोलत नाय." मग माझ्याकडे पाहून त्यांच्या लक्षात आले. "कोणासाठी होतो रे तो?"

मी सांगितले. त्यांनी बंडी काढायला घेतली. एक हात निघेना. मी म्हटले, राहू द्या, थंडी आहे.

मेहताजींना काही कळवले नाही.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आईने विचारले, "दिसलो?" नाही म्हणालो. हे खोटे नाही. पण खरे तरी कुठे.

डबा नेला. काका म्हणाले, मी खाणार नाही. मग दोघांनी खाल्ला. परत न्यायचा तर रिकामाच न्यायला हवा.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आई म्हणते, उद्या स्वतः येणार. मी म्हटले, चाळ धोक्याची आहे. "माझ्या झिलाक धोको नाय तो माका?"

रात्री जेवलो नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

आई आली. फाटकाशी मी तिला सगळे सांगितले. तीन तारखेचेही सांगितले. वाक्ये मनाशी जुळवून ठेवली होती, त्यातले एकही नीट आले नाही.

ती रडली नाही. टेकूला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "तातूक दात नाय. भाकरी कशी चावली आसतली? भात देऊक होयो होतो."



मेहताजी आले, तिला नमस्कार केला, घाईत वर बोट दाखवून कौले कधी उतरणार ते सांगू लागले. आईने मधेच विचारले, पाडायला माणसे किती येणार? ते म्हणाले, पंधरा-वीस, दोन-तीन महिन्यांचे काम.

"तेंका जेवण कोण घालतला?"

मेहताजींना समजले नाही. मला समजले.

"मी घालतंय. हयच, फाटकात. पातेला माझा वरच आसा."

मी तिला बाजूला घेऊन म्हटले, आई, आपलीच खोली पाडणाऱ्यांना? ती म्हणाली, "आणि तो इलो तर, वासू? तुझी नोकरी तर तीन तारखेक संपता. हयसर कोणीतरी वळखीचा नको?"

मेहताजी म्हणाले, मालकांना विचारून सांगतो. ते अजून उन्हासाठी छत्री उघडतच होते, तोवर आई फाटकाच्या भिंतीलगत जाऊन उकिडवी बसली होती. वारा कुठून येतो ते हात पुढे धरून पाहत होती, चूल कुठे मांडावी म्हणून.