सिस्टरांचा मेमो माझ्या नावे करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : अपघात विभागाच्या सिस्टरांना दिलेला मेमो मागे घेऊन तोच मेमो अर्जदारास देण्याबाबत.

संदर्भ : १) सदर मेमो, दिनांक ७.
२) आस्थापना शाखेच्या क्लार्कसाहेबांशी खिडकीतून झालेली तोंडी चर्चा (तीन वेळा).

महोदय,

अर्जदार ही अपघात विभागात गेली बावीस वर्षे कक्षसेविका आहे. विभागात मला सगळे मावशी म्हणतात, राउंडला आल्यावर आपणही म्हणता. मेमो नको म्हणून आपल्याकडे पुष्कळ अर्ज येत असतील. मी मेमो हवा म्हणून अर्ज करत आहे, तरी माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे असा समज करून घेऊ नये.

१. दिनांक ४ रोजी दुपारी खाट क्रमांक दोनवर निवृत्त हेडमास्तर आजोबा धाप लागून आले आणि तीनवर शिंपी आजोबा चक्कर येऊन आले. दोघांनाही कवळी होती. ऑक्सिजनचा मास्क लावण्याआधी कवळी काढायची, वेगळ्या वाटीत ठेवायची आणि वाटीला खाटेच्या नंबरची चिकटपट्टी लावायची, ही आमच्याकडची पद्धत. ती सिस्टरांनीच घालून दिलेली आहे. तेवढ्यात उलटलेल्या टेम्पोतले सात जखमी एकदम आले. वाट्या संपल्या. मी दोन्ही कवळ्या दोन मिनिटांपुरत्या एकाच वाटीत ठेवल्या आणि हातासरशी धुऊनही टाकल्या. धुतल्यावर त्या दोन्ही सारख्याच स्वच्छ दिसू लागल्या.

२. संध्याकाळी दोघांनाही घरी सोडायचे ठरले. तेव्हा मी दोघांचे जबडे लांबून न्याहाळले आणि अंदाजाने वाटणी केली. रजिस्टरवर सही करण्याआधी सिस्टरांनी मला विचारले, "मावशी, बघून दिलंत ना?" मी म्हणाले, "हो." साहेब, माझा गुन्हा कवळीचा नाही, या "हो"चा आहे. कवळी काय, कोणाच्याही हातून बदलेल.

३. हेडमास्तर आजोबांना घरी जेवता येईना. त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. रजिस्टरवर सही सिस्टरांची, म्हणून मेमो सिस्टरांना. दुसरीकडे शिंपी आजोबांना बोलावून घेतले, तर त्यांनी कवळी परत द्यायला साफ नकार दिला. आठ वर्षांत पहिल्यांदा घास नीट चावता येतोय, ही आता माझीच, असे म्हणून त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतले. साहेब, मिटलेल्या तोंडातून कवळी काढण्याचे प्रशिक्षण आम्हाला नाही. वर त्यांनी सिस्टरांच्या नावे आभारपत्र दिले. त्यामुळे एकाच कामाबद्दल सिस्टरांच्या फाइलला एक मेमो आणि एक आभारपत्र लागले आहे. आभारपत्र मी मागत नाही, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे.

४. मेमो आल्या दिवसापासून सिस्टर माझ्याशी बोलत नाहीत. सतरा वर्षे आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्ला. त्यांच्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून तिच्या लग्नापर्यंत मी घरच्यासारखी होते. आता त्या ड्रेसिंगच्या खोलीत उभ्याने जेवतात. काम अडू नये म्हणून सगळे निरोप ड्रेसर मामांमार्फत चालतात. मी हातभर अंतरावर उभी असताना सिस्टर म्हणतात, "मामा, मावशींना सांगा, त्यांच्या पायाखाली माझा पेन आहे." मग मामा मला सांगतात, मी पाय उचलते आणि मामांना सांगते की उचलला. परवा पट्टी बांधताना मामांनी एका पेशंटला सांगितले, "पेशंटला सांगा, हलू नका." नवीन आलेल्या डॉक्टरसाहेबांना ही विभागाची पद्धतच वाटली. तेही आता मला मामांमार्फत हाक मारतात. मामांनी बदलीचा अर्ज दिल्याचे कळते, तो कृपया मंजूर करू नये.

५. मी कबुली द्यायला आस्थापनेच्या खिडकीवर गेले. क्लार्कसाहेब म्हणाले, "मागून मेमो मिळत नाही मावशी, तक्रार लागते." मी माझ्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. ते म्हणाले, साक्षीदार लागतो. साक्षीदार एकच, सिस्टर. त्यांनी मामांमार्फत कळवले की त्यांना काहीही आठवत नाही. तिसऱ्या वेळी मला पाहून क्लार्कसाहेबांनी खिडकीवर "जेवणाची सुट्टी" ही पाटी लावली. तेव्हा साडेदहा वाजले होते.

६. आता मुख्य गोष्ट. दिनांक १५ रोजी मेमोचे उत्तर आपल्याकडे पोचवायला सिस्टरांनी मामांकडे दिले आणि मामांनी ते वैतागून माझ्या हातात दिले. पाकीट चिकटवलेले नव्हते. मी वाचले. हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा मेमो वेगळा द्यावा. आत लिहिले होते, "चूक माझी आहे. कवळ्या एकत्र झाल्याचे मावशींनी मला सहीपूर्वीच सांगितले होते. मीच घाईत लक्ष दिले नाही."

साहेब, हे धादांत खोटे आहे. मी काहीही सांगितले नव्हते, आणि सतरा वर्षांत सहीआधी त्यांनी मला असे कधी विचारलेही नव्हते. म्हणजे दोन्ही कवळ्या एका वाटीत त्यांनी बघितल्या होत्या, आणि तरी त्या माझ्या तोंडाकडे बघत विचारत होत्या. मी एवढे एक वाक्य बोलावे म्हणून त्या थांबल्या होत्या. मी बोलले नाही, म्हणून शेवटी त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहून माझ्या नावावर टाकले. माझ्या फाइलला आधीचे दोन मेमो आहेत (नातेवाइकांशी भांडण, दोन्ही वेळा मीच जिंकले) आणि निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत, हे त्यांना पाठ आहे. आणि येत्या सोमवारी त्यांची मेट्रनच्या जागेसाठी मुलाखत आहे, हे मला पाठ आहे. फाइलला मेमो असेल तर ती जागा त्यांना मिळत नाही, हे आपल्याला पाठ असेलच.

हे उत्तर आपल्यापर्यंत पोचू नये म्हणून मी ते तीन दिवस एप्रनच्या खिशात ठेवले. पण उत्तराची मुदत उद्या संपते, आणि आले नाही तर तेही सिस्टरांच्याच अंगाशी येईल. म्हणून सोबत जोडले आहे. त्यातले दुसरे वाक्य खोटे धरावे. बाकीची दोनही खोटीच आहेत.

तरी मेमो सोमवारच्या आत माझ्या नावे काढावा आणि तो विभागात सगळ्यांसमोर, शक्यतो मोठ्याने वाचून द्यावा, ही विनंती. तिसऱ्या मेमोने माझे जे काय व्हायचे ते होईल. मला भीती वाटते, पण उभ्याने जेवणाऱ्या बाईकडे रोज बघण्यापेक्षा ती परवडते.

आपली आज्ञाधारक (दिनांक ४ ची दुपार वगळून),
मावशी, अपघात विभाग
दिनांक : १८

सोबत :
१) सिस्टरांचे उत्तर, पाकिटासह.
२) हेडमास्तर आजोबांनी परत केलेली कवळी, वाटीत, चिकटपट्टी लावून. शिंपी आजोबा हिला ओळख देत नाहीत.

प्रत : सिस्टर, अपघात विभाग, माहितीसाठी व माफीसाठी.

(सदर प्रत सिस्टरांना आधी दिली, म्हणून मूळ अर्ज यायला तासभर उशीर झाला. त्यांनी ती दोनदा वाचली. मामा निरोपासाठी उठून उभे राहिले, त्यांना सिस्टरांनी हाताने खाली बसवले आणि थेट मला म्हणाल्या, "तीन दिवस पाकीट खिशात? लाज नाही वाटली मावशी?" अकरा दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या. वाटली, असे मी सांगितले आहे. मेमो कृपया लवकर द्यावा.)