कापलेलं कडवं

११ ऑगस्ट २०२४, रविवार

भरतनं दगा दिला!

कांदा घेऊन मंचरला चाललो व्हतो, धर्माजीच्या पिकअपमधून. त्यानं माझंच गाणं लावलं — ‘चिखलात रोवली हिरवी काडी’. गळा माझा. अन् टेपच्या पडद्यावर नाव सरकतंय — भरत!

धर्माजीला हसायला झालं. “तात्या, आपल्या राजुरीत भात नाय अन् तुमी भातलावणीचं गाणं म्हणताय. मशीनलाबी पटलं नसंल!”

मला हसू आलं न्हाई. पुढं तर कहरच. शेवटचं कडवं, ज्यात माझं नाव, ‘भिमाजी म्हणे’, येतं, तेच गायब! चाळीस वर्षं भजनी मंडळात म्हणतोय ते.

भरत म्हंजी बायकोचा, कुशाचा, सख्खा भाचा. तळेघरचा. नारायणगावात रेकॉर्डिंगचं दुकान टाकलंय. उन्हाळ्यात घरी येऊन त्यानंच गाणं भरून घेतलं. वर आमरस खाऊन गेला.

१२ ऑगस्ट

कुशा म्हणती, “जाऊ द्या वं नाव. गाणं वाजतंय ना?”

हिला काय कळतंय नावाचं!

१४ ऑगस्ट

नारायणगावला गेलो. भरत म्हणतो, “मामा, बसा, चहा घ्या.” म्हटलं चहा ऱ्हाऊ दे, नावाचं सांग.

कंप्युटर दाखवला. मोठी फाईल असती, तिच्यात आवाज जसाच्या तसा. मोबाईलवर धाडायला ती जड. मंग दाबून बारकी करायची. बारकीला आत कप्पे — गाण्याचं नाव, गाणारा, रचणारा, साल. आवाजाबरुबर चिठ्ठीच जाती म्हणं.

“गाणाऱ्याच्या कप्प्यात मशीन माझंच नाव टाकतं, मामा. आपोआप. बदलायचं ऱ्हायलं. चुकलो.”

बरं. मंग कडवं कुणी कापलं? तेबी मशीननं?

खाली मान. “ते... लांबत व्हतं.”

लांबत व्हतं! शेजाऱ्याचा बांध हाय व्हय, कोरायला? म्हटलं, ती मोठी फाईल दे. पेनड्राईव्ह घेतला अन् उठलो. चहा तसाच.

१५ ऑगस्ट

कुशाला सांगून टाकलं — यंदा राखीला तळेघरला जायचं न्हाई. भरतच्या बापाला, ज्ञानेश्वरला, कळू दे पोरानं काय केलं ते.

बेचाळीस वर्षांत तिची एक राखी चुकली न्हाई. एसटी नसली तर चालत गेली. तिनं ऐकलं अन् भाकरी थापीत ऱ्हायली.

१७ ऑगस्ट

टोमॅटोची फवारणी ऱ्हायली. कशात ध्यान न्हाई.

१८ ऑगस्ट, रविवार

नात आली, वृषाली. तिच्या लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावला. कुशा गोठ्यात व्हती. म्हटलं, बघ माझं कडवं हाय का.

हाय! ‘भिमाजी म्हणे’ खणखणीत! अख्ख्या मंडळाला ऐकवायचं ठरवलं. भरतला तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाई.

पर गाणं संपलं तरी फाईल चालूच. माझ्या चपला वाजल्या — पाणी प्यायला बाहेर गेलो व्हतो. मंग कुशा. बारीक आवाजात.

“भरत, हे मी रचलंय रं. लग्नाच्या आधी, तुझ्या आजीबरुबर लावणी करताना. शेवटचं कडवं तेवढं ह्यांचं. तेवढं काप बाबा. अन् ह्यांना बोलू नको, चिडत्यात.”

वृषाली माझ्याकडं बघाया लागली. “आजोबा, खरं?”

बंद कर, म्हटलं.

खरं हाय. नवी आली तवा चुलीम्होरं गुणगुणायची. मी मंडळात म्हटलं. लोकांनी इचारलं, कुणाचं? माझंच, म्हटलं. दुसऱ्या एकादशीला कडवं जोडलं. पहिल्यांदा म्हटलं तवा ती बायकांत बसली व्हती. टाळ्या वाजवत व्हती.

पोरानं काय, एका जागी नाव टाकलं. तेबी मशीननं. मी तर—

१९ ऑगस्ट, राखी

कुशाला सकाळच्या एसटीत मीच बसवलं. मंग भरतला फोन लावला. म्हटलं, रचणाऱ्याच्या कप्प्यात आत्याचं नाव टाक.

“मामा, ते पहिल्या दिवसापासनं हाय. गाडीच्या पडद्यावर तेवढं दिसत न्हाई.”