पातेल्यावरचं सु. पा.

कंग्राळी, गुरुवार, दिवेलागण

माझ्या टीममधल्या निपाणीच्या प्रज्वलचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, तसा नीटच होता. कोडमधल्या प्रत्येक बदलाला आकडे-अक्षरांचा लांबलचक क्रमांक असतो. यानं तो दाखवताना सगळीकडे पहिल्या सात अक्षरांवर आणला. स्क्रीन लई सुटसुटीत दिसते. मग मंजूर करायला हात का धजेना? "आक्का, सातात कुठलेच दोन सारखे न्हाईत, तपासलंय मी," म्हणाला. खरंच होतं ते.

तेवढ्यात आई मला ओढत शेजारी घेऊन गेली. त्यांच्याकडच्या बारशाला वापरायला दिलेलं पातेलं परत आणायचं होतं, काठाला पोचा आलेलं. तिथं पातेली दोन, आणि दोन्हींवर कोरलेलं "सु. पा."! आई सुनंदा पाटील, शेजाऱ्यांची नवी सून सुवर्णा पाटील. दोघींनी एकच पातेलं धरलेलं.

"मी नाव घातलं तवा गल्लीत दुसरी सु. पा. नव्हती गं!" आई म्हणाली.

अरे, हेच तर मला खुपत होतं! शेवटी सुवर्णानंच हसत हात सोडला. मी घरी पळाले आणि लिहिलं, "आज सात पुरतील. उद्या तीच सात अक्षरं घेऊन दुसरा बदल आला तर? तसं झालं की वेगळा ओळखू येईपर्यंत पुढची अक्षरं दाखव."

"व्हय आक्का, पटलं," प्रज्वलचं उत्तर.

मी खुशीत जेवायला बसले. आमटी त्याच पातेल्यात होती. ते पुढं ओढलं, तर काठाला पोचाच न्हाय.

"आई, हे आपलं न्हाय!"

"म्हाईत हाय. गप जेव."