जुळवलेले शेवट

प्रिय ठमे,

त्या सकाळी मी चादरी पिळत होते. तू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून बादलीत चमचा बुडवत होतीस आणि बाबा गालांना साबण फासून आरशापुढे उभे होते. आदल्या दिवशी, रविवारी, तुला मावशीकडे ठेवून आम्ही तीनच्या खेळाला गेलो होतो. त्यांची छापखान्यातली पाळी सहाला सुरू व्हायची, म्हणून सिनेमा संपायला वीसेक मिनिटं उरली की ते उठायचे. "तू बस, उद्या सांग मला," म्हणायचे आणि लोकांच्या पायांवर पाय देत अंधारात बाहेर पडायचे. त्या दिवशीचा सिनेमा दीपगृहाच्या राखणदाराचा होता. वादळात सापडलेल्या माणसांना आणायला तो होडी पाण्यात लोटतो, बायको वर काचेशी उभी राहते, आणि नेमके तिथे तुझे बाबा उठले. रात्रभर जीव टांगणीला लागला असणार. वस्तरा गालावर थांबवून त्यांनी आरशातूनच विचारलं, "मग? आला का तो परत?"

होडी रिकामी आली होती, ठमे. मी नाक पुसतच घरी आले होते. पण तो अर्धा पांढरा, अर्धा दाढी झालेला चेहरा बघितला आणि तोंडून निघून गेलं, "आला." एकदा आला म्हटल्यावर त्याला नीट घरी आणणं भाग होतं. मग चादर झटकता झटकता मी सांगितलं की ओलाचिंब आला, एक बूट हरवून आला, आणि बायको रडायच्या आधी त्या बुटावरून त्याला बोलली. बाबा इतके हसले की हनुवटीवर कापून घेतलं.

हे आज लिहायचं कारण तुला कळलंच असेल. तू टॅबवर भरून दिलेल्या सहा सिनेमांत हा एक आहे, आणि फोनवर तीनदा विचारून झालं तुझं, की आई, दीपगृह बघितलास का. रविवारी येतेस, दोघी मिळून बघू म्हणतेस. त्याआधी तुला काही सांगायला हवं, आणि समोरासमोर मला ते जमायचं नाही. पण आधी बाकीच्या पाचांबद्दल लिहिते, नाहीतर म्हणशील आईने गृहपाठ टाळला.

अंतराळातला पाहिला. एवढा खटाटोप करून माणसं इतक्या लांब जातात आणि तिथे जाऊन भांडतात कशावरून, तर लहानपणी वडिलांनी लक्ष दिलं नाही यावरून. ते भांडण इथेही झालं असतं. खुनाचा जो आहे त्यात खुनी कोण ते मला मध्यंतराआधीच कळलं. इतका गोड बोलणारा माणूस सिनेमात दुसऱ्या कशाला ठेवतील? जुना विनोदी, खोट्या डॉक्टरचा, तो मात्र अजून ताजा आहे. त्यात तो पेशंटची नाडी कोपराला धरून बघतो ना, तिथे मी एकटी मोठमोठ्याने हसले आणि शेजारीण दारात येऊन बघून गेली.

दोन भावांचा जुना सिनेमा मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. तेव्हा मला धाकटा आवडायचा, केस उडवत गाणी म्हणणारा. आता तो डोक्यात जातो. सगळं घर त्याच्या वहिनीने ओढलंय आणि टाळ्या याला. पण एक सांगते, जुन्या सिनेमात माणूस दार उघडून आत येतो, चपला काढतो, बसतो आणि मग बोलतो. त्याचा चेहरा बघायला आपल्याला वेळ मिळतो. नव्यात तो आत यायच्या आधीच बोलून मोकळा झालेला असतो.

राहिला तो नवरा गेलेल्या बाईचा, तू खास माझ्यासाठी निवडलेला. रागावू नकोस, पण ती बाई सिनेमाभर खिडकीत बसून असते. तुझे बाबा गेल्यावर मला खिडकीत बसायला चौथ्या महिन्यात सवड मिळाली. त्याआधी रांगा, सह्या, दाखल्याच्या प्रती. तिला एकदाही कोणी म्हणत नाही की "बाई, मूळ प्रत आणा." एकच जागा खरी आहे. ती बातम्या लावते आणि सवयीने आवाज वाढवते, त्याला कमी ऐकू यायचं म्हणून. तिथे मी टॅब पालथा घातला आणि भांडी घासून आले. मग उरलेला बघितला.

आता आमच्याबद्दल. मला शेवट रचायची खोड कुठून लागली ते तुला ठाऊक नसेल. माझी शाळा चौथीत सुटली. नीट वाचायला मी शिकले ती तुझ्या बाबांनी आणलेल्या टाकाऊ प्रुफांवर. ते छपाईचे खिळे जुळवायचे ते एखाद्या कादंबरीच्या पान चाळीस ते छप्पन्नचे, पुढची पानं दुसऱ्याच्या वाटणीला. माझ्या हातात अशा मधल्याच गोष्टी यायच्या. पुढचं मी मनाने पुरं करायची. दीपगृहानंतर तेच सिनेमांचं झालं. दर सोमवारी सकाळी ते विचारायचे आणि मी सांगायची. जळालेलं घर मी विझवलं. घर सोडून गेलेल्या मुलीला स्टेशनवरूनच परत आणलं. एका खलनायकाला पोलिसांच्या हाती न देता त्याचं लग्न लावून दिलं, म्हटलं तीच शिक्षा. बाबा म्हणायचे, "तुझ्या सिनेमात कोणी मरतच नाही. अशाने जागा पुरायची नाही गं लोकांना." मला वाटायचं, भोळा आहे माणूस, सगळं खरं मानतो.

दवाखान्यातला तो मंगळवार आठव. तू दुपारी औषधं आणायला खाली गेली होतीस. बाबा छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, "दीपगृहाचा खरा शेवट सांग." मी म्हटलं, खरा म्हणजे? तर हसले. म्हणाले, छापखान्यातल्या फोरमनने त्याच आठवड्यात सांगितलं होतं, तो बुडतो म्हणून. मी गारच पडले. इतकी वर्षं! मग दर सोमवारी विचारत कशाला होतात, असं मी जरा चिडूनच म्हटलं. तर म्हणाले, "मी खिळे जुळवतो, तू शेवट जुळवतेस. ऐकायला बरं वाटायचं." मग माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आता एकदा खरा सांग. तुझ्या तोंडून."

शेवट त्यांना ठाऊक होता, ठमे. मला तो म्हणता येतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि मी काय केलं? उशी सारखी केली आणि म्हटलं, "मी सांगितला तोच खरा." मग म्हणाले, "बरं." आणि डोळे मिटले. तेवढ्यात तू आलीस. नंतर ते पाणी हवं, दिवा मालव, असं बोलले, पण हा विषय पुन्हा काढला नाही. शुक्रवारी गेले. तू सगळ्यांना सांगतेस की बाबांनी शेवटी काही मागितलं नाही, समाधानाने गेले. मी दर वेळी गप्प बसते. त्यांनी मागितलं होतं. मी दिलं नाही. त्या "बरं"चा अर्थ मी वर्षभर लावते आहे, लागत नाही. माझा तो बुटाचा शेवट तुला तोंडपाठ; रविवारी माझ्या शेजारी बसून तू खरा शेवट बघशील आणि हसून म्हणशील, आई, बाबांना किती छान फसवलंस तू. ते मला ऐकवलं नसतं, म्हणून हे पत्र.

इथवर काल लिहिलं आणि पाकीट उघडंच ठेवलं. आज सकाळी घरातलं आवरून मी टॅब उभा केला, सिनेमा लावला आणि शेवटापर्यंत बघितला. रिकामी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "अहो, तो परत येत नाही."

तुझीच,
आई